तीन गावांत वाटलेला साठा, मुंबईत गेटवे, अन् तीनातला एक फोटो अडून राह्यला

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता) | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊनच बसा.

यवतमाळ जिल्ह्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर आम्ही लक्ष ठेवतो. साठेक पोरं-पोरी रोज वावरात जातात, कामगंध सापळ्यातले पतंग मोजतात, डोमकळ्यांचे (अळीमुळं पाकळ्या मिटून राह्यलेल्या फुलांचे) अन् पोखरलेल्या बोंडांचे फोटो काढतात. सलग ३ दिवस सापळ्यामागं रोज सरासरी ८ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यावा, असा दंडक आहे. पण आकडा लिहिणारा कधी धुऱ्यावर बसूनच आकडा लिहिते, म्हणून फोटो पाहिजेच.

साठ जणांचे रोजचे दहा फोटो, फोटोमागं ३ एमबी धरा. म्हणजे दिवसाला १.८ जीबी, हंगामाच्या १२० दिवसांत २१६ जीबी. फुकटच्या ड्राइव्हचे १५ जीबी आठ-नऊ दिवसांतच भरले. म्हणून जुने तीन डेस्कटॉप घेतले, प्रत्येकात ८ जीबी रॅम अन् ४ टीबीची डिस्क. एक राळेगावच्या ऑफिसात, एक पांढरकवड्याला जिनिंगमध्ये, एक घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेत. तिघांवर गॅरेज (फाइली अनेक पेट्यांत वाटून ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. प्रत्येक वस्तूच्या (फाइलीच्या) तीन प्रती, म्हणजे १२ टीबी डिस्कमधून वापरायला ४ टीबी. आम्हाले तेवढं लय झालं.

तिन्ही ठिकाणी इंटरनेट आहे, पण स्वतःचा सार्वजनिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) कोठीच नाही. म्हणून मुंबईत २ जीबी रॅमचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) भाड्यानं घेतला. त्याच्यावर एनजिनएक्स (आलेली विनंती मागच्या पेट्यांकडं ढकलणारा वेब सर्व्हर), अन् तिथून वायरगार्डच्या बोगद्यानं (कुलूपबंद खाजगी जोडणीनं) तिन्ही पेट्या जोडल्या. फोनमधलं ॲप आधी व्हीपीएसवरच्या छोट्या प्रोग्रामकडून सही केलेली लिंक मागते. लिंक १ तास चालते. त्या लिंकवर फोटो चढवायचा, इतकंच.

पोळा झाल्यापासून सुरू केलं. आता हाल असे: दिवसा चढवलं तर काही फोटो नाकारले जातात, काही पटकन जातात. तोच फोटो दोन-तीनदा चढवला की जाते. रात्री कोणताच फोटो नाकारला जात नाही, पण मधूनच मिनिटभर अडकून बसते अन् मंग जाते. डोकं चालेनासं झालं. काऊन होत असन असं?


पुण्यातला_पाहुणा | रात्री १०:०५

एवढा उपद्व्याप कशासाठी? २१६ जीबीचं मोठ्या क्लाउडचं महिन्याचं बिल जेवणाच्या एका पार्टीएवढंही येणार नाही. तीन गावांतल्या तीन जुन्या पेट्या सांभाळण्यात तुमचा वेळ जातोय त्याची किंमत काय?


पऱ्हाटीवाला | रात्री १०:२०

दादा, हिशोब तुमचा बरोबर आहे. पण कंपनीच्या सभेत ठरलं की वावराचा फोटो अन् गट नंबर आपल्याच जिल्ह्यात राह्यला पाहिजे. अन् राळेगावची लाईन गेली तरी पांढरकवड्याचा माणूस त्याचा फोटो पाहू शकला पाहिजे. सभेत ठरलं म्हणजे ठरलं. मी फक्त वायरमन आहे.


नागपूरची_संत्री | रात्री ११:१०

मी एका कॉलेजात सेफचा (गॅरेजसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा) क्लस्टर, म्हणजे जोडलेल्या यंत्रांचा गट, सांभाळते, म्हणून आधी एक विचारते. गॅरेजच का घेतलंत? सेफ पाहिलंत का?

सेफचं गेटवे, म्हणजे बाहेरून आत यायचा दरवाजा, आता अगदी सोपं झालं आहे. सुरुवातीच्या काळात या गेटवेसाठी (नाव रॅडोस गेटवे) अपाची हा वेगळा वेब सर्व्हर फास्टसीजीआयने जुळवावा लागायचा आणि त्यात दोन दिवस सहज जायचे. मग सिव्हेटवेब हा वेब सर्व्हर गेटवेच्या आतच आला, पुढे त्याची जागा बीस्टने घेतली. आता एक सेवा सुरू केली की ७४८० पोर्टवर (यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर) एस३ची, म्हणजे ॲमेझॉनच्या साठवण सेवेची, भाषा बोलणारा दरवाजा उघडतो. समोर एनजिनएक्स किंवा एचएप्रॉक्सी लावलं की झालं.


पऱ्हाटीवाला | रात्री ११:३०

ताई, सेफच आधी केलं होतं. मेंदूचा भुगा झाला. एका डिस्कच्या डिमनले (मागं सतत चालणाऱ्या प्रोग्रामले) मूळ सेटिंगमध्येच ४ जीबी रॅम धरलेली असते, माझ्या पेटीत सगळी मिळून ८. त्यात सेफचेच मॉनिटर, मॅनेजर, गेटवे हे प्रोग्राम. अन् शाळेचं इंटरनेट हळू झालं की राळेगावचं लिहिणं भी हळू.


नागपूरची_संत्री | रात्री ११:४५

मग सोडलंत ते बरंच केलंत. सेफमध्ये प्रतींसाठी नेमलेल्या, चालू असलेल्या प्रत्येक डिस्कवर लिहून झाल्याशिवाय क्लायंटला 'झालं' असं कळवत नाहीत. एका खोलीत, चांगल्या स्विचवर ते उत्तम चालतं. तीन तालुक्यांत ताणलं तर सगळ्यात लंगडा बैल ठरवणार बंडी किती वेगाने जायची ते. गॅरेजमध्ये तिनातल्या दोघांनी होकार दिला की लेखन पक्कं धरतात आणि तिसरा मागून भरून काढतो. ते फ्रान्समधल्या द्यूफ्लर नावाच्या संस्थेने वेगवेगळ्या घरांत ठेवलेल्या जुन्या यंत्रांसाठीच बनवलं आहे. १ जीबी रॅम आणि नोडांमध्ये (क्लस्टरमधल्या पेट्यांमध्ये) २०० मिलिसेकंदांच्या आतली ये-जा अशी त्यांची मागणी आहे. तुमची निवड बरोबर आहे. प्रश्न दुसरीकडे आहे.


खामगावचा_खटपट्या | १३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

भाऊ, दोन गोष्टी आधी पाहून घ्या. नव्वद टक्के लोक तिथंच पडतात.

एक, एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठं काही आत येऊच देत नाही. ४१३ ही चूक दाखवून हाकलून लावते. ती मर्यादा वाढवली का?

दोन, होस्ट हेडर, म्हणजे विनंतीवर लिहिलेलं वेबपत्त्याचं नाव. क्लायंट सही करताना होस्टचं नावही सहीत धरते. एनजिनएक्स पुढं ढकलताना ते नाव बदलून आपल्या मागच्या पेटीचं टाकते. मंग गॅरेज सही पडताळते तर जुळत नाही. जे होस्ट आलं तेच जसंच्या तसं पुढं पाठवा.

अन् विनंतीचं बफरिंग बंद करा. नाहीतर प्रत्येक फोटो आधी व्हीपीएसच्या डिस्कवर उतरन, मंग पुढं जाईन.


पऱ्हाटीवाला | सकाळी ८:३०

तिन्ही केलं होतं खटपट्याभाऊ. मर्यादा ५० एमबी, होस्ट जसाच्या तसा, बफरिंग बंद. होस्ट चुकला असता तर एकही फोटो गेला नसता ना? माझे दोन जातात, एक अडते.


नागपूरची_संत्री | सकाळी ९:००

'दोन जातात, एक अडते' हे बोलण्याच्या ओघात म्हणताय की मोजून?

एनजिनएक्स तिन्ही पेट्यांना आळीपाळीने विनंत्या वाटत असेल. तिसरा हिस्सा अडत असेल तर एकच पेटी गुन्हेगार आहे. लॉगमध्ये प्रत्येक विनंती कुठल्या पेटीकडे गेली तो पत्ता छापायला लावा आणि नाकारलेल्या विनंत्या मोजा. एनजिनएक्स मागची पेटी बंद सापडली तर दुसरीकडे वळतं, पण पेटीने रीतसर नकार दिला तर तो नकार तसाच फोनपर्यंत पोचवतं. म्हणून दिवसा नकार दिसतो.

रात्रीचं मिनिटभर अडकणंही त्यातच बसतं. जोडणी होईस्तोवर वाट पाहायची एनजिनएक्सची मूळ मुदत ६० सेकंद आहे. माझा अंदाज, ती पेटी रात्री बंदच असते.


पऱ्हाटीवाला | दुपारी १२:१०

ताई, पाय कुठी आहेत तुमचे?

सकाळपासून ९३ विनंत्या नाकारल्या, सगळ्याच्या सगळ्या शाळेच्या पेटीच्या. राळेगाव शून्य, पांढरकवडा शून्य. शाळेच्या लॉगमध्ये लिंकची तारीख जुनी झाली म्हणून तक्रार आहे. पण लिंक तर दोन मिनिटांपूर्वी बनलेली!

अन् हो, ते भी खरं. गावात रात्री लाईन गेली की शाळेची पेटी सकाळी दहापर्यंत बंदच राह्यते. मले वाटे लाईन उशिरा येत असन.


खामगावचा_खटपट्या | दुपारी १२:२५

घड्याळ चुकलं आहे त्या पेटीचं. सही केलेल्या लिंकमध्ये बनवल्याची वेळ अन् मुदत दोन्ही असतात, अन् पेटी ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाह्यते. पेटीचं घड्याळ तासाभरापेक्षा पुढं असन तर ताजी लिंक भी तिले शिळी वाटन.


पऱ्हाटीवाला | दुपारी १२:४०

तेच आधी पाह्यलं. आतमध्ये जाऊन वेळ विचारली तर १२ वाजून ३८ मिनिटं. माझ्या मोबाइलात भी १२:३८. मिनिटाचा फरक नाही.


झाडीपट्टी | दुपारी १२:५५

त्या १२:३८ च्या पुढे यूटीसी (जागतिक वेळ) लिहिलंय की आयएसटी (भारतीय वेळ)?


पऱ्हाटीवाला | दुपारी १:०५

अरे बाप्पा.

यूटीसी लिहून आहे.


झाडीपट्टी | दुपारी १:१०

मग तुमची पेटी साडेपाच तास पुढे आहे. तिच्या हिशोबाने आपल्याकडे आता संध्याकाळचे साडेसहा-पावणेसात वाजले. भिंतीवरच्या घड्याळाशी जुळतं म्हणून कुणाला संशय येत नाही. हा प्रकार मी आमच्याकडे तीनदा पाहिला आहे. बायोसमध्ये (पेटी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) कुणीतरी भारतीय वेळ भरतो आणि लिनक्स तिला यूटीसी समजून घेतं.

पण वेळ जुळवणारी सेवा असती तर ती आपोआप दुरुस्त झाली असती. ती नाही का त्या पेटीवर?


पऱ्हाटीवाला | सायंकाळी ५:५०

शाळेत जाऊन आलो. किस्सा ऐका.

पेटीच्या मदरबोर्डावरचा सेल कधीचाच मेलेला. लाईन गेली की बायोस सगळं विसरते, अन् चालू होताना एफ-१ दाबा म्हणून पडद्यावर थांबून राह्यते. गुरुजी दहाले शाळा उघडतात, एफ-१ दाबतात. अन् माणूस एवढा नेमाचा, की आत जाऊन स्वतःच्या मनगटी घड्याळावरून तारीख-वेळ भी भरतात! मी विचारलं, गुरुजी हे तुम्हाले कोणं सांगतलं? म्हणे, "घड्याळ चुकीचं दिसत होतं, म्हणून लावून देतो रोज. चुकलं काय?"

चूक माझीच. बाकी दोन पेट्यांवर वेळेची सेवा आपसूक आली होती. शाळेची पेटी मी घाईत अगदी कमीत कमी सामान टाकून उभी केली, त्यात ती राह्यलीच. म्हणजे गुरुजींचं मनगटी घड्याळ हाच आमचा टाइम सर्व्हर होता.

नवा सेल टाकला, सेवा टाकली, वेळ जुळली. पण आता नवीन तमाशा. शाळेचा बोगदाच जुळेना! आधी निदान नकार तरी येत होता, आता पेटी दिसतच नाही. शाळेतलं राऊटर चालू आहे, बाकी इंटरनेट चालते, फक्त वायरगार्ड मुकं.


पुण्यातला_पाहुणा | सायंकाळी ६:०५

(मी काही बोलत नाही.)


झाडीपट्टी | सायंकाळी ६:३०

हे अपेक्षितच होतं, आधीच सांगायला हवं होतं.

वायरगार्डच्या हातमिळवणीत पाठवणाऱ्याच्या घड्याळाचा शिक्का असतो. जुनी हातमिळवणी चोरून कुणी पुन्हा पाठवू नये म्हणून समोरचा प्रत्येक जोडीदाराचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून जुना शिक्का आला की काहीही न बोलता टाकून देतो. व्हीपीएसने शाळेचा शेवटचा शिक्का पाहिला तो साडेपाच तास पुढचा. आता घड्याळ खरं झालं, तर शाळेकडून येणारा प्रत्येक शिक्का त्याला जुनाच वाटणार. साडेपाच तास थांबा, आपोआप जुळेल. घाई असेल तर व्हीपीएसवरून शाळेचा जोडीदार काढून पुन्हा टाका. त्याची आठवण पुसली जाते.


पऱ्हाटीवाला | सायंकाळी ६:४५

काढला, टाकला, दोन सेकंदांत जुळला. झाडीपट्टीभाऊ, तुमच्या तोंडात पेढा.

आता माणसाले प्रश्न पडते, की सेल मेलेला असताना बायोस विसरून मागच्या साली जाई तेव्हा काऊन बोगदा जुळत होता?


झाडीपट्टी | सायंकाळी ७:००

जुळत नसणारच. पण पेटी एफ-१ वरच अडून राहायची. तिथून ती पुढे जायची तोवर गुरुजींनी वेळ भरलेली असायची. दुसऱ्या दिवशीचा शिक्का कालच्यापेक्षा पुढचाच. गुरुजींनीच तुमचा बोगदा जिवंत ठेवला म्हणायचा.


नागपूरची_संत्री | रात्री ९:१५

आता थोडं रचनेबद्दल. आजार बरा झाला, पण मांडणी मला तरी अजून पटत नाही.

तुमचं एनजिनएक्स तिन्ही पेट्यांना आंधळेपणाने विनंत्या वाटतं. कोण जिवंत, कोण मेलेलं, हे त्याला ठेच लागल्यावरच कळतं. त्याऐवजी गॅरेजचाच एक नोड व्हीपीएसवर गेटवे म्हणून उभा करा. लेआउटमध्ये (कुठल्या नोडाला किती जागा, त्या मांडणीत) नोड घेताना गेटवे असा प्रकार देता येतो. त्याला जागा नेमून द्यायची नसते, त्यामुळे तो डेटा साठवत नाही आणि तो जोडल्याने आहे तो डेटा इकडून तिकडे हलतही नाही. पण तो क्लस्टरचा सभासद असतो. बकेटांची (फाइली ठेवायच्या कप्प्यांची) आणि कींची (प्रवेशाच्या किल्ल्यांची) यादी त्याच्याकडे असते, कुठली वस्तू कुठल्या पेटीवर ते त्याला ठाऊक असतं आणि शाळा झोपलेली असेल तर तो राळेगाव-पांढरकवड्यावर काम भागवतो. एनजिनएक्सने मग फक्त त्याच यंत्रावरच्या ३९०० पोर्टशी बोलायचं.

यात तुमचा आजचा आजारही उरत नाही. सही आणि मुदत तपासणारा गेटवे नोड व्हीपीएसवर, आणि लिंक बनवणारा प्रोग्रामही तिथेच. दोघांचं घड्याळ एकच. म्हणून शाळेच्या घड्याळाकडे दुर्लक्ष करा असं मात्र म्हणत नाही मी.

पोर्टांचं ध्यानात ठेवा: ३९०० वर एस३, ३९०१ वर नोडांची आपसातली बोलणी, ३९०२ वर बकेटातून वेबसाइट दाखवायची सोय, ३९०३ वर प्रशासन. बाहेरच्या जगाला एनजिनएक्समागून ३९०० आणि लागलंच तर ३९०२. ३९०३ कुणालाही दिसू देऊ नका.

आणि एक हिशोब. तुमच्या बोगद्यांचा मध्य मुंबईत आहे. दिवसाचे १.८ जीबी व्हीपीएसवर येतात आणि तीन पेट्यांकडे ५.४ जीबी बाहेर जातात. महिन्याचे १६२ जीबी. एखादी डिस्क मेली आणि नवी भरायची वेळ आली की तेही सगळं मुंबईवरूनच फिरेल. भाड्यात किती वाहतूक फुकट आहे ते पाहून ठेवा. तिन्हीकडे आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळत असेल तर पेट्या एकमेकींशी सरळ बोगद्याने जोडा. राळेगावचा डेटा पांढरकवड्याला जायला मुंबई कशाला?


पऱ्हाटीवाला | १५ सप्टेंबर, रात्री ८:२०

गेटवे नोड उभा केला. काल-आज मिळून अकराशेच्या वर फोटो चढले, एकही नकार नाही. मुद्दाम शाळेची पेटी बंद करून पाह्यलं, फोनवाल्याले पत्ताही लागला नाही. पेटी परत चालू केली तर मागचं सगळं भरून घेतलं तिनं.

आयपीव्ही६ राळेगाव अन् पांढरकवड्याले आहे, शाळेत नाही. दोघांचा सरळ बोगदा टाकला.

आता दुसरं. आठवड्याची बोंडअळी पत्रिका शेतकऱ्यांले फोनवर उघडता यावी म्हणून एक बकेट खुली करायची होती. पत्ता टाकला की 'परवानगी नाही' येते. बकेटाले वाचायची परवानगी देऊन पाह्यली, तरी नाही.


खामगावचा_खटपट्या | रात्री ८:४५

तुम्ही ३९०० च्या दारातून आत शिरून राह्यले. गॅरेजमध्ये त्या दारानं बिनसहीचा माणूस आत जाऊच शकत नाही. परवानगी ही कीले असते, जगाले नाही. बकेटावर वेबसाइट चालू करा, अन् एनजिनएक्समध्ये पत्रिकेसाठी वेगळं नाव करून ते ३९०२ कडं वळवा. बकेटाचं नाव तेच ठेवा जे वेबचं पूर्ण नाव आहे, म्हणजे होस्ट हेडर पाहून गॅरेज बरोबर बकेट उघडन. इथंही होस्ट जसाच्या तसा, विसरू नका.

त्या नावासाठी एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र फुकटचं घ्या, ९० दिवसांचं असते, आपोआप नवं होण्याची सोय करून ठेवा. एकच नाव आहे तर तारांकित (एका नावाखालच्या सगळ्या उपनावांच्या) प्रमाणपत्राच्या भानगडीत पडू नका, त्याले डीएनएसमध्ये नोंदी कराव्या लागतात.


लोणारचा_दगड | रात्री ९:३०

मी उशिरा आलो, पण कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. शाळेत इन्व्हर्टर नाही, लाईन धाडकन जाते. गॅरेजचा मेटाडेटा (कोणती फाइल कुठी आहे ती नोंद) एलएमडीबी डेटाबेसात आहे का? अचानक वीज गेली तर ती फाइल बिघडू शकते. माझी एकदा बिघडली. बाकी दोन प्रती शाबूत होत्या म्हणून वाचलो, पण पेटी पुन्हा भरायला चार दिवस गेले. मेटाडेटाची छबी (त्या क्षणाची प्रत) ठरावीक तासांनी आपोआप काढायची सेटिंग आहे, ती ६ तासांवर ठेवा. पेटीपुरता छोटा यूपीएस भी घ्या.

अन् उन्हाळ्याचं पाहा. आमच्याकडं मे महिन्यात टिनाच्या खोलीत ठेवलेली डिस्क ६० अंशांवर गेली होती. जिनिंगमधली पेटी कुठी ठेवली आहे? तिथं रुईचा भुसा पंख्यात जाऊन बसन.


पऱ्हाटीवाला | १६ सप्टेंबर, सकाळी ७:५०

पत्रिका उघडली! ३९०२ चंच होतं.

दगडभाऊ, एलएमडीबीच आहे. छबी ६ तासांवर लावली. यूपीएसचं सभेत मांडतो, मंजूर होईन. जिनिंगमधली पेटी हिशोबनिसाच्या खोलीत आहे, पण काल उघडून पाह्यली तर पंख्यावर खरोखरच कापसाची गादी. फुंकणीनं साफ केली. जिनिंगचा हंगाम तर अजून सुरूही नाही झाला.

गुरुजींचा फोन होता सकाळी. रात्री लाईन गेली होती, पण पेटी आपोआप चालू झालेली दिसली. विचारत होते, आता एफ-१ नाही दाबायचं काय. नाही म्हणलं. थोडं थांबून म्हणे, "मग वेळ तरी पाहून घेत जाऊ?" म्हणलं पाहत जा, पण भरू नका.


पुण्यातला_पाहुणा | सकाळी ९:१०

मान्य. मजा आली वाचायला. माझ्या घरच्या जुन्या पेटीचंही घड्याळ मागे पडतंय बरेच दिवस. सेल कुठला लागतो?


पऱ्हाटीवाला | सकाळी ९:२५

सीआर २०३२. मले घाटंजीत घड्याळवाल्याकडं भेटला.